प्रतिसाद: पेनिसिलिनच्या जोडीला क्लिंडामायसिन कशासाठी?

गट ‘अ’ स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूवर पेनिसिलिन आजही हमखास लागू पडते, मग दुसऱ्या प्रतिजैविकाची भर कशाला, असा प्रश्न वर विचारला गेला आहे. पहिला भाग अगदी बरोबर आहे. परंतु स्नायूंवरील आवरण सडवणाऱ्या संसर्गात तेवढ्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. पेनिसिलिन जिवाणूची पेशीभित्तिका बनू देत नाही, म्हणजे ते प्रामुख्याने वाढत्या जिवाणूंवरच काम करते. ऊतींमध्ये जिवाणूंची दाटी झाली की त्यांची वाढ मंदावते आणि औषधाचा जोर ओसरतो. अमेरिकी संशोधक हॅरी ईगल यांनी १९५२ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत हेच दाखवले होते. क्लिंडामायसिन मात्र जिवाणूच्या रायबोसोमला चिकटून प्रथिननिर्मितीच रोखते, आणि टॉक्सिक शॉक (जिवाणूंच्या विषामुळे रक्तदाब कोसळून अवयव निकामी होणे) घडवणारे विष हे प्रथिनच असल्यामुळे त्याचे उत्पादन घटते.

काही जिवाणू क्लिंडामायसिनला दाद देत नाहीत, म्हणून ते एकटे न देता पेनिसिलिनसोबतच दिले जाते. अर्थात मृत ऊती कापून काढण्याची शस्त्रक्रिया लांबली, तर ही जोडीही अपुरी पडते, कारण रक्तपुरवठा तुटलेल्या भागात औषध पुरेसे पोहोचतच नाही.