सिंगापूरची क्रूझ, ११ जण आणि नानांचं धोतर. काय काय न्यायचं?

चोपड्याचा पोऱ्या

राम राम मंडळी. नाना आणि मायच्या लग्नाला या डिसेंबरात ५० वर्षं होताहेत म्हणून आम्ही भावंडं मिळून सगळ्यांना क्रूझवर नेतोय, सिंगापूरहून निघून पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर, ४ रात्री. ११ जण आहोत, भाची ५ वर्षांची आणि नाना ७६ चे, आणि तापीतल्या नावेच्या पलीकडं कुणाचा पाण्याशी संबंध नाही.

आता अडचण अशी की एजंटने पीडीएफ पाठवली त्यात एक रात्र 'फॉर्मल नाईट' लिहिलीय, पुरुषांनी सूट, बायकांनी गाऊन. नानांना धोतर, नेहरू शर्ट आणि टोपी सोडून दुसऱ्या कशात मी जन्मात पाहिलं नाही. धाकट्याने टेलरकडे माप द्यायला नेलं तर दुकानातून उठून आले, म्हणे मी काय बँडवाला हाये का? माय नऊवारीच नेसते. दोघांना त्या रात्री खोलीत बसवून ठेवायचं का काय, ज्यांच्यासाठी चाललोय त्यांनाच?

शिवाय मायने आतापासून बिबडे (ज्वारीचे पापड), ठेचा, कळण्याच्या भाकरीचं पीठ बांधायला काढलंय. वहिनीला कन्नड घाटात दोनदा गाडी थांबवावी लागते, तिचं समुद्रात काय होईल? कुणी जाऊन आलं असेल तर सांगा भो.

सावद्याची लेक

अरे कोट आधी कॅन्सल कर. मी सासू-सासऱ्यांना घेऊन गेले होते, हाच घोळ आमच्याकडे पण झालेला. आपापल्या देशाचा पारंपरिक पोशाख फॉर्मलमधे चालतो, बऱ्याच कंपन्यांच्या नियमातच तसं असतं, तुझ्या कंपनीचं तेवढं एजंटकडून लिहून घे. सासऱ्यांनी पांढरंशुभ्र धोतर, वर बंद गळ्याचा कोट आणि टोपी घातली, तर लोक फोटो काढायला थांबवत होते. आणि तो नियम फक्त मोठ्या डायनिंग हॉलपुरता असतो, बुफेत त्या रात्री पण साध्या कपड्यांत जेवता येतं. हाफ पँट आणि रबरी चप्पल मात्र हॉलमधे नको, ते भाच्यांना सांग.

मायच्या नऊवारीचं तर कौतुकच आहे. डेकवर वारा असा असतो की माझ्या सहावारीचा पदर दोन्ही हातांनी धरून चालावं लागत होतं आणि सासूबाई काष्टा मारून मस्त जिने चढत होत्या. फक्त एक, इस्त्री नेऊ नका. आगीच्या भीतीने इस्त्री, किटली, पाण्यात सोडायचा रॉड, एक्स्टेन्शन बोर्ड सगळं काढून घेतात. मी कडक इस्त्रीची नऊवारी सरळ घडी करून बॅगेत अगदी वर ठेवली होती. आणि धुवायच्या भानगडीत पडू नका, बाथरूममधे हातभर दोरी असते, तिच्यावर नऊ वार कुठं वाळायचं. चार दिवसांचे चार वेगळे जोड न्या.

भुसावळ लोको

कपड्यांचं झालं, आता कागदाचं बघा. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून किमान ६ महिने शिल्लक पाहिजे, ११ च्या ११ पासपोर्ट आजच उघडून बघा, एकाचा तरी निघतोच. सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा आहे ना ते तपासा, कारण जहाजावर चढलात की तुम्ही सिंगापूर सोडलं आणि परत आलात की दुसरी एन्ट्री. त्यांचं अरायव्हल कार्ड ऑनलाइन फुकट भरायचं असतं, पोहोचायच्या आधीच्या ३ दिवसांत, आणि जहाजावरून परतताना पुन्हा. पैसे मागणाऱ्या साइटवर भरू नका.

आणि विमान जहाजाच्या आदल्या दिवशीचं घ्या. मी आयुष्यभर गाड्या सोडल्या, एखादा मिनिट थांबवून म्हातारीला चढवलंय पण, जहाज थांबत नाही. रात्रीच्या अमरावती एक्सप्रेसने मुंबईला यायचं असेल तर तिच्या उशिराचा पण हिशोब धरा.

धुळ्याचा मेडिकलवाला

वहिनींसाठी: खोली मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर मिळते का बघा, तिथे हलणं सगळ्यात कमी. मोठं जहाज कन्नड घाटासारखं वळत नाही, हळू झुलतं. अ‍ॅव्होमिनसारखी गोळी त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते, उलटी सुरू झाल्यावर घेऊन काही उपयोग नाही, ती पण पोटात राहत नाही. झोप येते तिने. नानांची बीपीची गोळी चालू असेल तर त्यांना आपल्या मनाने देऊ नका, डॉक्टरला विचारा. सगळ्यांची औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट, आणि हातातल्या बॅगेत. मोठ्या बॅगा बंदरावरच घेतात आणि खोलीच्या दाराशी यायला कधी कधी रात्र होते. त्याच हातबॅगेत पासपोर्ट आणि लहान पोरीचा एक जोड. प्रवास विमा काढा, जहाजावरचा डॉक्टर बघतो छान पण बिल डॉलरमधे लावतो.

सावद्याची लेक

बिबड्यांचं राहिलंच. घरचं शिजवलेलं जहाजावर सहसा नेऊ देत नाहीत, सीलबंद पाकिटं बऱ्याच ठिकाणी चालतात. आणि बिबडे नेऊन भाजणार कशावर? कळण्याचं पीठ तर राहूच दे. जेवण शाकाहारी, जैन काय ते बुकिंगलाच सांगून ठेव, डाळ-भात मिळतो, फक्त सगळं गोडसर लागतं आपल्याला. सासूबाई दोन दिवसांनी म्हणाल्या, एवढं मोठं जहाज आणि एक मिरची नाही.

नाना तंबाखू खातात का? सिंगापूरमधे खायची तंबाखू न्यायलाच बंदी आहे. पुडी, चुन्याची डबी, सगळं चोपड्यातच ठेवा.

चोपड्याचा पोऱ्या

ताई तू बरोबर नस धरली. धोतराचं ऐकून नाना लय खुश झाले, आणि तंबाखूचं ऐकून म्हणे मंग तुमीच जाऊन या. आता मायला पुढं केलंय, ती बोलतेय त्यांच्याशी.

मोबाइलचं काय करायचं? आणि बाकी काही राहिलं का?

पारोळेकर

मोबाइल जहाजावर पाय ठेवायच्या आधी एअरप्लेन मोडवर टाका, समुद्रात तो सॅटेलाइटचं नेटवर्क पकडतो आणि पोरांनी एक रील पाहिली तरी बिल बघून डोळे पांढरे होतात. रोख पैसे तिथं चालत नाहीत, खोलीचं कार्ड दाखवून सगळं खात्यात लागतं, बऱ्याच कंपन्या टिप पण दर माणशी रोजची त्यातच लावतात, तर ११ जणांचा हिशोब आधी करा. पहिल्या दिवशी भोंगा वाजेल, सात छोटे आणि एक लांब, नानांना आधीच सांगा की हा सराव आहे, जहाज बुडत नाही. आमच्या आत्याने तेवढ्यात गळ्यातली पोत काढून कमरेला खोचली होती.

आणि शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात, त्या परत बंदरावरच मिळतात. मी हुशारीने सगळं भरून ठेवलं, पँटसकट. सकाळी लुंगी आणि बनियनवर रांगेत उभा होतो, मागे बायको जणू ओळखच नाही अशी. तुमच्या नानांचं एक धोतर बाहेर राहू द्या.

चोपड्याचा पोऱ्या

😂😂 लिहून घेतलं. मायचा निकाल आलाय: नाना येताहेत, तंबाखू नाही, पण खिशात बडीशेप, आणि कोटाचं कापड धाकट्याला शिवायचं.