फॉस्टर केअरमधील मुलीला 18 वर्षांनंतरच्या आयुष्यासाठी कसे तयार करावे?

प्रश्न: फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे जन्मदात्या कुटुंबाऐवजी तात्पुरत्या सांभाळासाठी, चार वर्षांपासून आमच्याकडे असलेली मुलगी लवकरच 18 वर्षांची होईल, तरी तिचे कपडे अजून बॅगेतच असतात. आम्ही काय करावे?

उत्तर 1: मी स्वतः अशी पाच घरे बदलली. दर वेळी शाळाही बदलल्यामुळे अभ्यासाचा धागा तुटत गेला आणि कोणावर विसंबावे हेच कळेनासे झाले. बॅग रिकामी करण्याचा आग्रह धरू नका. मात्र 18 नंतरही हे घर तिचेच राहील, हे स्पष्ट सांगा.

उत्तर 2: जन्मदाखला, शाळेचे दाखले आणि वैद्यकीय नोंदी आताच तिच्या हाती द्या. संयुक्त राष्ट्रांच्या 2009 च्या पर्यायी संगोपनविषयक मार्गदर्शक तत्त्वांतही पुढील आधाराची तयारी मूल अशा संगोपनातून बाहेर पडण्याच्या बरीच आधी करावी, असे म्हटले आहे.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. घराची किल्ली आजच तिला देते.