हॅल-मर्सिडीज व्यंगचित्रं नाहीत
जॅक लंडनच्या 'द कॉल ऑफ द वाइल्ड' या कादंबरीतली हॅल, चार्ल्स आणि मर्सिडीज ही सोन्याच्या शोधात निघालेली पात्रं फारच अतिरंजित वाटतात, असं काहींचं म्हणणं आहे. मला नाही पटत. लंडन १८९७ साली स्वतः सोन्यापायी कॅनडातल्या क्लोंडाइकला गेला होता आणि असले नवशिके तिथे पैशाला पासरी होते. त्या धामधुमीत तिकडे जाणाऱ्या व्हाइट पास खिंडीच्या वाटेवर सुमारे ३,००० घोडे मेले, ओझ्याने आणि उपासमारीने. वाटेचं नावच 'डेड हॉर्स ट्रेल' पडलं!

आणि हॅल निष्काळजी नाही हो, हिशेबी आहे, तीच तर गंमत. स्लेज (बर्फावरची गाडी) ओढणाऱ्या १४ कुत्र्यांचा शिधा कागदावर मांडून निघतो, वाटेत दुप्पट खाऊ घालतो. पाव रस्ता सरतो तेव्हा निम्मा शिधा संपलेला. वर मर्सिडीज दयेपोटी चोरून मासे चारणार आणि स्वतःच स्लेजवर बसणार.