सिम्युलेशनमध्ये रॅम बॅकडोअरने भरणं बंद करावं का?

लोखंडीबिट:
आमच्याकडे चिपच्या मॉडेलवर टेस्ट सुरू झाली की रीडमेमएचने (फाइलीतला डेटा मेमरीत भरणारी व्हेरिलॉगची आज्ञा) अख्खं फर्मवेअर बॅकडोअरने, म्हणजे बस टाळून थेट रॅममध्ये ओततात. एकही क्लॉक खर्च होत नाही. सोय आहे, मान्य. पण खऱ्या चिपच्या रॅमला असलं मागचं दार नसतं, प्रत्येक वर्ड बसवरूनच आत जातो. बॅकडोअरने भरलं की राइट इनेबल, बाइट स्ट्रोब, वेट स्टेट या बसवरच्या गोष्टींतलं काहीच तपासलं जात नाही. माझं मत: लिहिणं-वाचणं फ्रंटडोअरनेच, म्हणजे बसवरूनच.

क्लॉकवाली:
अजिबात पटलं नाही. 1 एमबी, 32 बिटची बस, म्हणजे 2,62,144 राइट. क्लॉकला एक धरला तरी 100 मेगाहर्ट्झला 2.6 मिलिसेकंद नुसते भरण्यात जातात. आरटीएलला (डिझाइनच्या मूळ कोडला) एक वेळ चालेल. गेट-लेव्हलला (एकेका गेटच्या, खूप हळू चालणाऱ्या मॉडेलला) टायमिंगसकट लावून बघा, मग बोलू. आणि हे प्रत्येक सीडला, म्हणजे रँडम टेस्टच्या प्रत्येक फेरीला?

लोखंडीबिट:
वेळ वाचतो म्हणून बग सोडायचे?

क्लॉकवाली:
बग तुमच्याच पद्धतीत सुटतात हो! समजा ॲड्रेसच्या ए3 आणि ए4 लाइनी उलट जोडल्या गेल्या. हेक्स 08 वर लिहिलेलं बसतं 10 वर. वाचतानाही तीच अदलाबदल, म्हणून डेटा बरोब्बर परत येतो. टेस्ट पास. पुढून लिहा, मागून पीक करा (थेट ॲरेत डोकावून वाचा), लगेच पितळ उघडं पडतं.

सिंड्रोम:
ईसीसी (मेमरीतल्या बिटच्या चुका पकडून सुधारणारा कोड) दोघंही विसरलात. 32 बिट डेटाला 7 चेक बिट, वर्ड 39 बिटचा. आमच्या इथे एकाने नुसता डेटा पोक केला (मागून थेट लिहिला), चेक बिट राहिले एक्स, म्हणजे अज्ञात. पहिल्याच रीडला एक्स पसरला आणि सगळे डिझाइनवाल्यांच्या नावाने खडे फोडत बसले. चेक बिट काढून लिहिणारं एकच फंक्शन ठेवा. टेस्टमध्ये थेट हायरार्कीचा पाथ (डिझाइनच्या आतल्या ॲरेचा पूर्ण पत्ता) लिहायला सक्त बंदी.

लोखंडीबिट:
आणि फाउंड्रीचं (चिप बनवणाऱ्या कारखान्याचं) तयार रॅम मॅक्रो आलं की? पाथ बदलतो, आतल्या ॲरेचं नाव बदलतं, तुमचं फंक्शन आडवं होतं. फ्रंटडोअरला त्याचं सोयरसुतक नाही.

क्लॉकवाली:
होऊ दे आडवं, एकाच जागी दुरुस्त करायचंय. बससाठी फ्रंटडोअरच्या वेगळ्या टेस्ट ठेवा ना, कोण नको म्हणतंय? बाकीच्या टेस्टना सीपीयू तपासायचाय.

नवखा_व्हेरिलॉग:
मध्येच विचारतो, माफ करा. रीडमेमएचच्या फाइलीत @ पुढचा पत्ता बाइटचा असतो का?

सिंड्रोम:
नाही, ॲरेचा इंडेक्स, तोही हेक्समध्ये. 32 बिटच्या मेमरीत बाइट-पत्ता हेक्स 100 हवा असेल तर @40 लिही.