विरघळणे की वितळणे?

अनुवादिका: मुलांसाठीच्या प्रयोगांची पुस्तिका मराठीत करते आहे. ‘साखर पाण्यात विरघळते, कढईत वितळते’ असं लिहिलं होतं. संपादकांनी दोन्हीकडे ‘वितळते’ केलं. बोलताना कुणी हा फरक पाळत नाही, असं त्यांचं म्हणणं. ‘बर्फ विरघळला’ असं सर्रास म्हणतातच. काय ठेवू?

काटेकोर: फरक ठेवाच. विरघळायला दुसरा पदार्थ लागतो, वितळायला फक्त उष्णता. 100 मिलिलिटर पाण्यात साधारण 36 ग्रॅम मीठ विरघळतं. तेच मीठ वितळवायचं तर 801 अंश सेल्सिअस तापमान हवं. ‘बर्फ विरघळला’ हे चूकच.

बोलीचा पक्ष: चूक कसं? वितळण्याचं तापमान तो ‘द्रवणांक’ आणि विरघळून होतं ते ‘द्रावण’, दोन्ही ‘द्रु’ या संस्कृत धातूचे, म्हणजे एकाच क्रियामुळाचे. संस्कृतात एका धातूवर भागतं, मग बोलीवरच सक्ती का? मला तर ‘विरघळणे’त ‘विरणे’ आणि ‘गळणे’ दोन्ही ऐकू येतात. बर्फ विरतोही, गळतोही.

काटेकोर: कानाला जुळलं म्हणजे व्युत्पत्ती होत नाही.

मंद आच: मूळ वाक्यातलं ‘कढईत वितळते’ तरी कुठे नेमकं आहे? जाड बुडाच्या भांड्यात कोरडी साखर मंद आचेवर ठेवून पाहा. कडेची साखर आधी पाझरते आणि पिवळी पडू लागते, तेव्हा मधली अजून पांढरीशुभ्र असते. साखरेचा द्रवणांक 186 अंशांच्या आसपास देतात, पण त्याआधीच तिचं विघटन सुरू झालेलं असतं. गार झाल्यावर हाती येते ती तांबूस काच. पांढरे दाणे परत मिळत नाहीत, कारण हा रासायनिक बदल. विरघळलेली साखर परत मिळते. मात्र ते पाणी पसरट ताटलीत आपोआप सुकू द्या. आचेवर आटवलं तर शेवटी साखर करपते आणि मुलं उलटाच निष्कर्ष काढतात.

अनुवादिका: मग ‘वितळते’ काढून टाकू?

बोलीचा पक्ष: मुळीच नको. आपली क्रियापदं डोळ्यांना दिसतं त्याला नाव देतात, आत काय घडलं त्याला नाही. ‘फसफसणे’च घ्या. सोडावॉटरची बाटली उघडली की फसफसते, खाण्याच्या सोड्यावर व्हिनेगर ओतलं तरी फसफसतं.

मंद आच: उदाहरण चपखल आहे. बाटलीत आधीच विरघळलेला कार्बन डायऑक्साइड दाब सुटताच बाहेर पडतो, तो भौतिक बदल. सोडा आणि व्हिनेगर यांतून तोच वायू नव्याने तयार होतो, तो रासायनिक. बुडबुडे दिसले की ‘रासायनिक’ असं पुस्तिकेत लिहू नका.

काटेकोर: म्हणूनच शब्द नेमके हवेत! खोबरेल ‘थिजतं’, ऊब लागली की पुन्हा पातळ होतं. अंड्याचा पांढरा बलक साठ-पासष्ट अंशांना घट्ट होऊ लागतो, तो गार करून पुन्हा पातळ होत नाही. त्याला ‘थिजला’ कुणी म्हणत नाही.

बोलीचा पक्ष: ‘गोठला’ म्हणतात की. आणि पाणीही गोठतंच.