मदत हवी आहे: एचएनईने एलसी३-टू वाढतंय आणि पी६२ सुद्धा! ऑटोफॅजी जोरात आहे की तुंबलीय?

नमस्कार मंडळी,

पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे. पेशीपटलातले मेद ऑक्सिडाइझ झाले, म्हणजे साध्या भाषेत खवट झाले, की पेशीची साफसफाई (ऑटोफॅजी) वाढते की बंद पडते, हा माझा प्रश्न.

पेशींना ६ तास ४-एचएनई दिलं. (मेदाम्लं ऑक्सिडाइझ होऊन तुटली की तयार होणारं अल्डिहाइड. प्रथिनांतल्या सिस्टीन, हिस्टिडीन, लायसीनला चिकटून बसतं.) ब्लॉटवर (प्रथिनं ओळखायची चाचणी) एलसी३-टूचा, म्हणजे पेशीतल्या कचऱ्याच्या पिशव्यांवर बसणाऱ्या प्रथिनाचा, बँड ठसठशीत आला. कचऱ्याच्या पिशव्या जास्त, म्हणजे सफाई जास्त, असं म्हणून मी खूश. मग पी६२ (कचरा पिशवीत ओढून आणणारं प्रथिन) बघितलं, तर तेही वाढलेलं. ते तर कचऱ्यासोबत लायसोसोममध्ये (पेशीच्या पचनपेटीत) पचून कमी व्हायला हवं ना?

वाचलं त्यात दोन्ही बाजू सापडतात. एचएनईमुळे जेएनके (ताण आला की चालू होणारं एन्झाइम) जागं होतं, बीसीएल-२ या प्रथिनाच्या पकडीतून बेक्लिन-१ हे प्रथिन सुटतं आणि ऑटोफॅजी सुरू होते. उलट, एचएनई चिकटलेली प्रथिनं लायसोसोमला नीट पचत नाहीत, लायपोफ्युसिन हा न पचलेला गाळ साठत जातो. शुक्रवारी लॅब मीटिंगमध्ये यातलं काय सांगू?

प्रतिसाद १
एकट्या एलसी३-टूवर काही बोलू नका. पिशव्या जास्त बनल्या तरी वाढतं, रिकाम्या झाल्या नाहीत तरी वाढतं. बॅफिलोमायसिन (लायसोसोमचं पचन थांबवणारं रसायन) नुसतं आणि एचएनईसोबत, असे दोन्ही नमुने शेजारी चालवा. नुसत्यापेक्षा एचएनईसोबत एलसी३-टू आणखी चढलं, तर पिशव्या खरंच जास्त बनताहेत. दोन्ही सारखेच, तर पुढे तुंबलंय. बॅफिलोमायसिन शेवटचे दोन-तीन तासच द्या.

प्रतिसाद २
पी६२ चं वाढणं म्हणजे तुंबणंच, असं नाही हो. एचएनई केॲप-१ या प्रथिनाच्या सिस्टीनला चिकटतं, त्यातून त्याने धरून ठेवलेलं एनआरएफ-२ (जनुकं चालू करणारं प्रथिन) मोकळं सुटतं, आणि पी६२ चं जनुक त्याच्याच हुकमातलं. म्हणजे पचतंय तेवढंच, पण बनतंय जास्त, असंही असेल. आरएनए काढून क्यूपीसीआर (जनुक किती चालू आहे ते मोजणारी चाचणी) करा, दुपारभराचं काम आहे.

आणि एक विचारू? एचएनई सीरम (रक्तद्रव) असलेल्या माध्यमात दिलंत का? सीरममधलं अल्ब्युमिन हे प्रथिनच बरंचसं एचएनई खाऊन टाकतं.

मूळ धागाकर्ती
दोघांचे आभार! नाही, म्हणूनच तर सीरम काढून दिलं होतं.

प्रतिसाद २
आणि कंट्रोल (एचएनई न दिलेल्या पेशी)?

मूळ धागाकर्ती
...सीरममध्ये. अरे देवा. सीरम काढल्याने उपासमार होऊनही ऑटोफॅजी वाढतेच की! म्हणजे तो ठसठशीत बँड कशाचा, हेच आता सांगता येणार नाही. उद्या सगळ्याच प्लेट बिनसीरमच्या माध्यमात लावते, बॅफिलोमायसिनसकट. एचएनईचे डोसही दोन ठेवते, कमी आणि जास्त. ब्लॉट आला की इथेच टाकते. शुक्रवारी बोलायला दुसरं काहीतरी शोधावं लागणार.