मदत हवी आहे: १ पेत्र ३ मधला ‘अनास्त्रोफे’ म्हणजे वर्तन, आचरण की वागणूक?

सर्वांना सलाम.

आमच्या मंडळीत दर शुक्रवारी दुपारी महिलांचा शास्त्रपाठ असतो. सध्या पेत्राचे पहिले पत्र चालू आहे. गेल्या वेळी तिसरा अध्याय निघाला आणि एका शब्दावर आम्ही अडलो. ग्रीक येणारे किंवा जुनी भाषांतरे घरात असणारे कोणी असेल तर कृपया लिहा.

झाले असे की एका मावशींनी घरातले जुने इंग्रजी बायबल आणले होते, १६११ चे किंग जेम्स भाषांतर. तिथे पहिल्याच वचनात आहे की जे नवरे वचन मानत नाहीत ते शब्दावाचून, बायकांच्या ‘कॉन्व्हर्सेशन’ने मिळवले जातील. मावशींनी अर्थ सांगितला, नवऱ्याशी गोड बोलावे. आमच्यात एक बहीण आहे. तिचा नवरा मंडळीत पाऊल टाकत नाही, पगाराच्या दिवशी पिऊन येतो. ती पदराचे टोक बोटाला गुंडाळत बसली होती. खाली बघतच म्हणाली, “आणखी किती गोड बोलू, ताई?” पाठ मी घेत होते आणि मला काही उत्तर देता आले नाही.

घरी येऊन ग्रीक मजकूर उघडला. तिथे शब्द आहे ‘अनास्त्रोफे’. बोलण्याशी त्याचा काही संबंध नाही. ‘अना’ आणि ‘स्त्रेफो’, म्हणजे वळणे, फिरणे. त्यावरून लोकांत वावरणे, आणि वावरताना माणूस जसा असतो ते. सतराव्या शतकातल्या इंग्रजीत ‘कॉन्व्हर्सेशन’चाही हाच अर्थ होता, लोकांबरोबर राहण्याची रीत. पुढे तो शब्द आक्रसून नुसत्या गप्पांपुरता उरला. १८८१ च्या सुधारित इंग्रजी नव्या करारात तो बदललेला आहे, पण मावशींच्या हातात जुनेच बायबल होते. शिवाय त्या जुन्या भाषांतरात हा एकच इंग्रजी शब्द वेगवेगळ्या ग्रीक शब्दांसाठी येतो. फिलिप्पैकरांस पत्र ३:२० मध्येही तोच आहे, पण तिथले मूळ ‘पोलितेउमा’, म्हणजे नागरिकत्व. म्हणून इंग्रजीवरून मागे जाणे मी आता सोडले आहे.

मला सगळ्यात आनंद झाला तो आपल्या शब्दाचा. ‘वर्तन’ हा संस्कृत ‘वृत्’ धातूपासून आला, त्याचा अर्थही वळणे, फिरणे. वर्तुळ, आवर्तन, परावर्तन ही सगळी त्याचीच भावंडे. लॅटिन बायबलातला ‘कॉन्व्हर्सातिओ’ ज्या धातूवरून आला, तो आणि ‘वृत्’ मुळात एकच. ग्रीक धातू वेगळा आहे, पण त्यातही फिरणेच आहे. तीन भाषांना माणसाचे वागणे सांगताना ‘फिरणे’च सुचावे, याचे मला फार अप्रूप वाटले.

पण याच ठिकाणी घसरायलाही होते. एका व्हिडिओत एक प्रचारक सांगत होते की अनास्त्रोफे म्हणजे ‘जीवन उलटे फिरणे’, पश्चात्ताप. मला हे पटत नाही. नव्या करारात हा शब्द १३ वेळा येतो, त्यांपैकी सहा वेळा पेत्राच्या या पहिल्या पत्रात. गलतीकरांस १:१३ मध्ये पौल तो स्वतःच्या जुन्या आयुष्याविषयी वापरतो, मंडळीचा छळ करत होता तेव्हाच्या. १ पेत्र १:१८ मध्ये वाडवडिलांकडून आलेली व्यर्थ वागणूक, तीही अनास्त्रोफेच. याकोब ३:१३ मध्ये मात्र त्याला ‘चांगली’ हे विशेषण जोडावे लागते. म्हणजे शब्द स्वतः ना चांगला ना वाईट, असे मी समजते. चुकत असेन तर सांगा.

आता मराठीचा प्रश्न. माझ्या बायबलात या एका शब्दासाठी कुठे वर्तन आहे, कुठे आचरण, कुठे वागणूक. आमच्या बायकांना ‘वर्तन’ म्हटले की शाळा सोडल्याचा दाखला आठवतो, ‘वर्तणूक : चांगली’, सगळ्यांच्या दाखल्यावर एकाच हस्ताक्षरात. ‘आचरण’ म्हटले की व्रत, नियम, सोवळे. ‘चालचलन’ तर पोलिसांकडचे. ‘वागणूक’ तेवढी समोरच्या माणसाला लागून येते. सासूने कशी वागणूक दिली, असे आपण म्हणतो. लोकांत वावरण्याचा मूळ अर्थ तिथेच मला जिवंत वाटतो. म्हणून माझा कल वागणुकीकडे आहे.

दुसऱ्या वचनात ‘पाहून’ असे येते, तिथले ग्रीक क्रियापद नव्या करारात दोनच ठिकाणी आहे, इथे आणि २:१२ मध्ये. दोन्ही ठिकाणी शेजारी अनास्त्रोफे आहे, आणि २:१२ हे सगळ्याच विश्वासणाऱ्यांना लिहिले आहे, पुरुषांनाही. तेव्हा पेत्र बायकांच्या गळ्यात काही वेगळे बांधत नाही, असे मला त्या बहिणीला सांगायचे आहे. शिवाय ३:७ मध्ये नवऱ्यांना सांगितले आहे की बायकोला मान द्या. आणि ‘शब्दावाचून’ म्हणजे तोंड दाबून मार सोसा, असे पेत्र म्हणतच नाही. पहिल्याच वचनात ‘लोगोस’, म्हणजे शब्द किंवा वचन, दोनदा येतो: जे वचन मानत नाहीत, ते वचनावाचून. नवऱ्यापुढे उपदेश करत बसू नका एवढेच, असे मी वाचते. हे वाचन ग्रीकच्या दृष्टीने टिकते का?

पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले मराठी बायबल, जे १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापून निघाले, ते कोणाकडे असेल तर १ पेत्र ३:१-२ मध्ये त्यांनी कोणता शब्द घातला आहे ते पाहून लिहाल का? बायकांशी साध्या बोलीत बोलता यावे म्हणून त्यांनी ते काम केले होते. वसईकडच्या कॅथलिक वाचकांनीही आपल्या भाषांतरातला शब्द सांगावा.

येत्या शुक्रवारी चार वाजता पाठ आहे. ती बहीण येणार आहे, मी तिला फोन करून विचारले.